लोएस्ट कोटेशनची आगगाडी

तीनकोटेशने हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायची तसदी कुणी घेत नसे. उभा जन्म खरेदी विभागात गेलेला. टाचण्यांची डबी घ्यायची तरी तीन दुकानांची कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्याखाली शेरा, शेऱ्याखाली सही, आणि मग डबी. तोवर ऑफिसातले लोक घरून टाचण्या आणत. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, टेबल सुटलं, खोड काही सुटली नाही. घरातली चाळणी फाटली तरी हे तीन दुकानं पालथी घालायला निघणार, आणि परत येईपर्यंत बायकोनं शेजारणीची चाळणी आणून, वापरून, धुऊन परतही केलेली असणार.

"माझ्या आधी दोन स्थळं बघून आले होते," बायको कुणालाही सांगायची. "मी लोएस्ट ठरले की बेस्ट, ते अजून कळवलेलं नाही."

"ती फाईल गोपनीय आहे," तीनकोटेशने चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणत.

तर या माणसानं एका सकाळी चहाचा कप बशीत ठेवला आणि जाहीर केलं, "आपली रेल्वे डिजिटल करायची."

आपली रेल्वे म्हणजे मागच्या खोलीतली. दोन जुनी दारं आडवी जोडून केलेलं टेबल, त्यावर लंबगोल रूळ, एक गाडी बाजूला उभी करता यावी म्हणून सायडिंगचा तुकडा, दोन स्टेशनं, बुटांच्या खोक्याचा बोगदा आणि प्लास्टरचा एक डोंगर, ज्यावरची झाडं दर वर्षी धुळीनं थोडी थोडी म्हातारी होत होती. रुळावर दोन इंजिनं. हिरवं मालगाडीचं, लाल प्रवासी गाडीचं. या सगळ्याला कुणी 'खेळणं' म्हटलं की तीनकोटेशन्यांचा चेहरा नामंजूर झालेल्या बिलासारखा व्हायचा. 'मॉडेल रेल्वे' म्हणायचं. निदान 'मॉडेल' तरी.

ही सगळी रेल्वे चालायची एका काळ्या डब्यावर. डब्याला एक मूठ. मूठ फिरवली की रुळात वीज जायची आणि रुळावर जे काही असेल ते पळत सुटायचं. दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही पळायची, थांबली तर दोन्ही थांबायची. हिरव्याला काही सांगावं आणि लालनं ते ऐकू नये, अशी सोयच नव्हती.

आणि याच कारणावरून फार वर्षांपूर्वी या खोलीत भांडण झालं होतं. लेक तेव्हा टेबलापेक्षा वीतभरच उंच होती. लाल गाडी तिची. एका रविवारी तिनं पाय आपटून सांगितलं होतं, "बाबा, तुमची थांबली की माझीपण थांबते. मग ही माझी कशी?" तीनकोटेशने म्हणाले होते, "मोठी झालीस की वेगळी सोय करू." त्या काळी वेगळी सोय म्हणजे फार मोठं प्रकरण होतं. लेक रुसून बाहेर गेली ती पुढे अभ्यास, मैत्रिणी, कॉलेज असं करत करत इतकी बाहेर गेली, की आता इथे सकाळ असली की तिच्याकडे रात्र असायची. मोठी तर ती झालीच होती. सोय राहिली होती.

हे तीनकोटेशन्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक होतं, आणि आता आपल्याला. बाकी जगासाठी त्यांनी कारण दिलं, 'आधुनिकीकरण'. आणि लेक महिनाअखेरीला कामासाठी चार दिवस येणार आहे, या गोष्टीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

"काडीचाही?" बायकोनं विचारलं.

"कशाचा कशाशी संबंध जोडू नकोस," असं म्हणून ते वर फ्यूजसाहेबांकडे गेले.

फ्यूजसाहेब विजेच्या कंपनीतून निवृत्त झालेले. बिल्डिंगमध्ये कुणाचाही दिवा गेला की ते धावत येत आणि उरलेले दिवे घालवून जात. मनानं मात्र माणूस सोन्यासारखा. डिजिटल म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. रुळात वीज कायम खेळती ठेवायची, प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवायची, चिपला नंबर द्यायचा, आणि हातातल्या हँडसेटवरून नंबर दाबून हुकूम सोडायचा. ज्याचा नंबर तो ऐकतो, बाकीचे गप्प.

"म्हणजे एक चाललं तरी दुसरं थांबून राहू शकतं?" तीनकोटेशन्यांनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"अहो, एक पुढे जाईल, एक मागे जाईल, एक जागच्या जागी शिट्टी मारेल! मुद्दा तो नाहीच. मुद्दा अँपिअरचा आहे. किती इंजिनं एकदम चालवणार?"

"दोन."

"पन्नास धरून चाला," फ्यूजसाहेब म्हणाले. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. म्हणूनच त्यांच्या एकट्याच्या घरात पाहुण्यांसाठी बारा खुर्च्या होत्या आणि पाहुणे नव्हते.

जिन्यात पॉलिसीवाले भेटले. तळमजल्यावर राहणारे, विमा विकणारे. जगात त्यांना फक्त दोनच प्रकारच्या घटना दिसत, घडलेला अपघात आणि न घडलेला अपघात. "रुळात वीज कायम? आणि टेबल लाकडाचं? बघा बुवा. क्लेम करताना 'खेळत होतो' असं लिहावं लागतं, आणि ते कंपनीला आवडत नाही."

"मॉडेल रेल्वे आहे ती," तीनकोटेशने म्हणाले.

"तेच ते. जळताना सारखंच जळतं."

आता कोटेशनं. पण शहरात असलं सामान विकणारं दुकान निघालं एकच. दुकानदार कपाळावर भिंग सरकवून बसलेला, बोलका, आणि सहसा गिऱ्हाईक न दिसल्यामुळे मिळालेलं गिऱ्हाईक न सोडणारा. तीनकोटेशन्यांनी त्याला सांगितलं, की एकाच दुकानाचं कोटेशन नियमात बसत नाही.

"मग तीन देतो की," दुकानदार म्हणाला. "एक माझं, एक बायकोच्या स्टेशनरीच्या दुकानाचं, एक मेव्हण्याच्या फोटो स्टुडिओचं. शिक्के तिन्ही इथेच आहेत."

कुठल्याही शहाण्या माणसाला इथे हसू आलं असतं. तीनकोटेशन्यांना समाधान वाटलं. नियम माणसाला ओळखत नाही, शिक्क्याला ओळखतो, हे त्यांचं जुनं मत होतं.

नवशिक्यांसाठी म्हणून तीन सिस्टिम निघाल्या. पहिली मोठी, तिच्यासोबत दोन हँडसेट, खोक्यावर पडदा, पडद्यावर अक्षरं. दुसरीला हँडसेटच नाही, सगळं आपल्या मोबाईलवरून. तिसरी लहानगी, एक डबी, एक हँडसेट, दोघांना जोडणारी आखूड दोरी. "हिच्यात इंजिनांना नंबर किती देता येतात, माहितीय?" दुकानदार म्हणाला. "नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव!"

मोबाईलवालीची चाचणी तिथेच झाली. काउंटरवर सरळ रूळ मांडला होता. तीनकोटेशन्यांनी स्वतःच्या फोनवर बोट सरकवलं आणि इंजिन अदबीनं निघालं. त्यांच्या तोंडावर पोरासारखं हसू फुटत होतं, एवढ्यात फोन वाजला. पडद्यावरून रेल्वे गेली आणि बायको आली.

"अहो, येताना साबण आणा."

"अगं, गाडी–"

"रिक्षानं नका येऊ, बसनं या."

तोवर इंजिन रूळ संपल्याचं मनावर न घेता काउंटरवरून खाली, दुकानदाराच्या डब्यातल्या जेवणात. तीनकोटेशने हबकले. "थांबलं कसं नाही ते?"

"नाहीच थांबणार साहेब!" दुकानदार इंजिन पुसत अभिमानानं म्हणाला. "डिजिटलची हीच तर खुबी. शेवटचा हुकूम दिला, तोच पाळत राहतं. तुम्ही फोन घ्या, दुसरं इंजिन हातात घ्या, जेवायला जा. नवा हुकूम येईपर्यंत ते आपलं चाललंय."

"आमच्या ऑफिसात असा एकही माणूस नव्हता," तीनकोटेशने म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तक्ता आखला. पट्टी, दोन रंगांच्या शाया, आडवे उभे रकाने. अँपिअर, वॉरंटी, नंबरांची क्षमता, पडदा आहे की नाही, अग्निधोका (हा पॉलिसीवाल्यांच्या आग्रहानं), आणि फोन आल्यास परिणाम. खरेदी समितीची सभा जेवणाच्या टेबलावर भरली. सदस्य फ्यूजसाहेब आणि पॉलिसीवाले, निमंत्रित बायको. फ्यूजसाहेब मोठ्या सिस्टिमच्या बाजूनं बोलले, कारण अँपिअर. पॉलिसीवाले लहानीच्या बाजूनं, कारण जळलंच तर कमी जळेल. मोबाईलवाली तांत्रिक छाननीत साबणापायी बाद झाली.

"तुम्हाला नक्की करायचंय काय हिचं?" बायकोनं मध्येच विचारलं.

"आधुनिकीकरण."

"ते झालं हो. कुणासाठी?"

तीनकोटेशन्यांनी निमंत्रितांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नसल्याचं निदर्शनाला आणलं आणि शेरा लिहिला. 'अटींची पूर्तता करणाऱ्यांपैकी लोएस्ट. सबब लहान सिस्टिम मंजूर.' सही केली, खाली तारीख घातली. कित्येक महिन्यांनी त्यांना आपण जिवंत असल्यासारखं वाटलं.

लहान सिस्टिम दुकानात नव्हती. ती परदेशातून आली आणि पार्सल ऑफिसात अडकली. तिथल्या खिडकीमागे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी खोक्यावरचं मोठ्यानं वाचलं, "रेल्वे कंट्रोल सिस्टिम. कुठल्या रेल्वेसाठी?"

"माझ्या."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमची रेल्वे आहे?"

"घरी आहे."

"मग रेल्वे खात्याचं ना-हरकत पत्र आणा."

तीनकोटेशन्यांनी मॉडेल म्हणजे काय, प्रमाण म्हणजे काय, सत्त्याऐंशी पटींनी लहान म्हणजे काय, हे सगळं समजावून सांगितलं. मागे रांग वाढत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "हे बघा काका, यंत्रणा असेल तर पत्र लागेल. खेळणं असेल तर लगेच सोडते. खेळणं आहे का?"

रांगेतली सगळी माणसं उत्तराची वाट पाहू लागली. बिनचूक नियमाविरुद्ध भांडण्याचं शस्त्र तीनकोटेशन्यांपाशी कधीच नव्हतं. आयुष्यभर ते नियमाच्याच बाजूनं लढले होते.

"आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"खेळणं."

"लिहून द्या. 'हे खेळणं असून मी ते स्वतः खेळण्यासाठी मागवलं आहे.' खाली वय घाला." त्यांनी वय घातलं. बाईंनी ते वाचलं आणि नियमाला धरून पुढचा प्रश्न विचारला, "एकटेच खेळणार की आणखी कुणी?"

तीनकोटेशन्यांनी मागे वळून पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

"दोघं," ते हळूच म्हणाले. "मुलगी यायचीय."

बाईंनी शिक्का मारला. "किती वर्षांची?" त्यांनी जरा मऊपणानं विचारलं. पण तीनकोटेशने खोकं उचलून वाटेला लागले होते. साऱ्या जगात एका सरकारी खिडकीनंच त्यांना नेमका प्रश्न विचारला होता, आणि तोही खरेदी झाल्यावर.

कारण घरी खोकं उघडून फ्यूजसाहेबांनी डबी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "दुसरा हँडसेट लावायचा झाला तर कुठे लागतो हिला?"

"म्हणजे?"

"एकच भोक आहे. एकाच माणसाची सिस्टिम आहे ही."

तीनकोटेशन्यांनी दुकानदाराला फोन लावला. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव इंजिनं चालतात आणि माणूस एकच, हा काय प्रकार?

"साहेब, दुसऱ्या माणसासाठी मोठी घ्यायची होती! दोन हँडसेटवाली. मी दाखवली की. दोघं चालवणार आहात, असं तुम्ही बोललाच नाहीत. तुम्ही म्हणालात लोएस्ट."

मोठी सिस्टिम बदलून यायला दोन महिने लागले असते, आणि लेक आठवड्यावर आली होती. तीनकोटेशन्यांनी तक्ता काढून पुन्हा पाहिला. अँपिअर होतं, वॉरंटी होती, फोन आल्यास परिणाम होता. चालवणार किती जण, हा एवढाच रकाना नव्हता. विसरला नव्हता, लाजेनं आखला नव्हता.

"मला सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी बोलले असते," बायको म्हणाली.

"तुला कुठे ठाऊक होतं?"

"भिंतीपलीकडेच उभी होते मी तेव्हा. पाय आपटला होता तिनं. वरचा मजला हलला होता." ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही.

चिपा बसवायचं काम फ्यूजसाहेबांनी अंगावर घेतलं. पहिली चिप बसवल्यावर हिरव्या इंजिनातून खराखुरा धूर निघाला, जो जन्मापासून त्यात निघावा अशी तीनकोटेशन्यांची इच्छा होती, पण असा नव्हे. पॉलिसीवाले वास घेत वर आले आणि बादली घेऊन दारातच बसले. दुसरी चिप नीट बसली, तिसरीही. दोन्ही इंजिनं रुळावर ठेवली. तीनकोटेशन्यांनी श्वास रोखून हँडसेटची कळ फिरवली.

दोन्ही इंजिनं एकदम निघाली. थांबवलं, दोन्ही एकदम थांबली.

इतकं सव्यापसव्य करून रेल्वे जिथे होती तिथेच पोचली होती.

माहितीपुस्तिकेत शोधल्यावर कळलं, की कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक चिपला एकच नंबर असतो, तीन. तो आपण बदलायचा. मग समितीनं लाल इंजिनाला चोवीस नंबर दिला. चोवीस दाबला. दोन्ही निघाली. हिरव्याला बारा दिला. दोन्ही बारा झाली. हुकूम लालसाठी काढला तरी रुळावरचा प्रत्येक जण तो आपल्यालाच आहे असं समजून अमलात आणत होता. "परिपत्रक काढल्यासारखं झालंय," तीनकोटेशने खिन्नपणे म्हणाले. फ्यूजसाहेबांनी सिस्टिम सदोष असल्याचा निष्कर्ष काढला. पॉलिसीवाल्यांनी बादलीतलं पाणी बदललं.

आणि लेक आली.

पहिला दिवस झोपेत गेला, दुसरा कामात. तिसऱ्या दिवशी मैत्रिणी होत्या, ज्या आता इतक्या मोठ्या दिसत की तीनकोटेशन्यांनी दोघींना 'तुम्ही' म्हटलं. मागच्या खोलीचं दार त्यांनी मुद्दाम सताड उघडं ठेवलं होतं. अधूनमधून आत जाऊन ते खोकत. एकदा त्यांनी बोगदा उचलून उगीचच आपटून ठेवला.

"काय पडलं?" लेक बाहेरून म्हणाली.

"काही नाही. बोगदा."

"बरं," असं म्हणून ती फोनवर बोलू लागली. परक्या भाषेत, भरभर, हसत. त्या हसण्याचा नंबर त्यांच्यापाशी नव्हता.

"सरळ हाक मारा की तिला," बायको म्हणाली.

"तिला वाटलं पाहिजे."

"वाटायला आधी कळायला तरी नको का? तुम्ही आणि तुमची बंद पाकिटातली टेंडरं!"

चौथ्या दिवशी दुपारी दिवाणखान्यात बॅग भरून उभी होती. टॅक्सी सांगून ठेवलेली. तीनकोटेशने मागच्या खोलीत होते. बाहेर थांबलं की बॅग दिसायची, म्हणून. दोन्ही इंजिनं एकामागोमाग निमूट फिरत होती.

"बाबा, माझा चार्जर इथे लावला होता का?" लेक आत आली, टेबलाखाली वाकली, चार्जर ओढून काढला आणि उभी राहताना थबकली. "अरे! ही अजून चालते?"

"चालते म्हणजे, डिजिटल केलीय."

तिनं दोन फेऱ्या पाहिल्या. "मग दोन्ही एकदम का चालतायत?"

"सध्या चाचणीच्या स्तरावर आहे."

तिनं हँडसेट हातात घेतला, पुस्तिकेचं एक पान उलटलं, आणि दोन बोटांनी लाल इंजिन उचलून तळहातावर ठेवलं. हिरवं एकटंच रुळावर राहिलं. "एकाला नंबर देताना दुसऱ्याला बाहेर काढायचं ना आधी! रुळावर ठेवून वेगळा नंबर कसा मिळेल तिला?"

समितीनं दोन संध्याकाळी त्यावर चर्चा केली होती. उचलून बाजूला ठेवावं, हे एकालाही सुचलं नव्हतं.

हिरव्याला तिनं बारा दिला. मग हिरवं काढलं, लाल ठेवलं. "हिला कुठला देऊ?"

"चोवीस."

"चोवीसच का?"

"शाळेतला रोल नंबर तुझा."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि चोवीस दाबला. दोन्ही इंजिनं पुन्हा रुळावर आली. तिनं कळ फिरवली. लाल निघालं. हिरवं जागच्या जागी उभं राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"चला, तुम्ही घ्या तुमचं. तुमचा हँडसेट कुठाय?"

आता सांगणं भागच होतं. एकच आहे, लोएस्ट होती, तक्त्यात एक रकाना राहिला. लेक इतकी हसली की डोंगरावरची दोन झाडं पडली. मग आळीपाळीनं चालवायचं ठरलं. हँडसेटची दोरी हातभरच, त्यामुळे दोघांना खांद्याला खांदा लावून टेबलाच्या एकाच कोपऱ्यात उभं राहावं लागलं. मोठी सिस्टिम घेतली असती तर ती त्या टोकाला असती आणि ते या टोकाला.

"द्या इकडे, माझी बोगद्यात चाललीय!"

"थांब, माझी सायडिंगला लागूदे."

"बाबा, किती हळू चालवता! माल नासेल."

"मालगाडी आहे ती, तुझ्यासारखी घाईत नाही."

बारा, चोवीस, बारा, चोवीस. हँडसेट या हातातून त्या हातात. एका फेरीला लाल स्टेशनात शिरत असताना लेक म्हणाली, "शिट्टी?"

"आवाजाची चिप वेगळी मिळते. ती लोएस्टमध्ये बसत नव्हती."

"चिपची नाही हो. तुमची."

तीनकोटेशन्यांनी दाराकडे पाहिलं, बादली नव्हती, म्हणजे पॉलिसीवाले नव्हते. ओठांचा चंबू करून त्यांनी शिट्टी मारली. आधी नुसती हवा गेली, मग जमली. तेव्हा धीर करून ते म्हणाले, "तू म्हणायचीस ना, माझी गाडी वेगळी हवी म्हणून? पाय आपटून?"

"मी? कधी?"

"त्या रविवारी."

तिनं खरंच आठवून पाहिलं. "नाही हो. मला काहीच आठवत नाही. मला आठवते ती तुमची शिट्टी. तिकडे कधी आगगाडीत बसले ना, तर खरी शिट्टी चुकीची वाजतेय असं वाटतं."

घ्या! ज्या देण्यापायी माणसानं इतकी वर्षं जीव जाळला, ते घेणेकऱ्याच्या वहीत मांडलेलंच नव्हतं. आणि जी रक्कम यांनी कधी जमेला धरली नाही, तिच्यावर तिकडे व्याज चढत होतं. तीनकोटेशन्यांना हसावं की चिडावं ते कळेना. त्यांनी आणखी एक शिट्टी मारली.

तिला खालून उत्तर आलं. टॅक्सीचा हॉर्न.

लाल तेव्हा पलीकडच्या वळणावर होतं. हँडसेट नुकताच तीनकोटेशन्यांच्या हातात आला होता, बारा दाबलेला. लेकीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं, पटकन उचललं, आणि मग चार्जर, बॅग, आई, जिना, "पोचले की फोन करते," असं सगळं नेहमीसारखं एकदम घडलं. फ्यूजसाहेबांनी बॅग उचलायला मदत केली आणि तिचं चाक मोडलं. टॅक्सी कोपऱ्यावरून वळेपर्यंत सगळे हात हलवत होते. वळल्यावरही तीनकोटेशन्यांचा हात थोडा वेळ वरच होता.

ते वर आले. मागच्या खोलीत हिरवं इंजिन सायडिंगला उभं होतं. लाल फिरत होतं. वळण, बोगदा, स्टेशन, पुन्हा वळण. तिनं दिलेल्या वेगानं, ना कमी ना जास्त. ते बाजूला उभे राहून पाहत राहिले.

थोड्या वेळानं फ्यूजसाहेब चाकाबद्दल दिलगिरी व्यक्त करायला आले आणि दारातच थांबले. "अरे वा, एक चालतंय, एक थांबलंय! जमलं की! लाल कोण चालवतंय?"

"ती."

"ती? ती तर आत्ता गेली. दार मीच लावलं टॅक्सीचं."

"गेली. पण थांबवून नाही गेली."

फ्यूजसाहेबांना वाटलं सिस्टिम पुन्हा बिघडली. ते लगबगीनं हँडसेटकडे वळले. "चोवीस ना? दाबतो आणि थांबवतो. उगीच मोटर तापेल."

तीनकोटेशन्यांनी त्यांच्या हातातून हँडसेट अलगद काढून घेतला आणि उलटा करून शर्टाच्या खिशात ठेवला. आखूड दोरीमुळे ते आता टेबलाला बांधल्यासारखे झाले होते. "असू द्या. हुकूम तिचा आहे."

लाल बोगद्यातून बाहेर आलं, स्टेशनाशी आलं. तीनकोटेशन्यांनी शिट्टी मारली. या वेळी पहिल्याच फटक्यात जमली.

"अहो!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "हळू वाजवा जरा. तिचा फोन आला तर ऐकू यायला हवा ना."

पुढच्या फेरीला त्यांनी हळू वाजवली.